चॅट क्लायंट बांधताय? आधी नोटिफिकेशन ठरवा, मग तंत्रज्ञान

चॅट क्लायंट करायला बसलेल्या नवख्या माणसाचा पहिला आठवडा बहुतेक वेळा फ्रेमवर्क निवडण्यातच जातो. रिॲक्ट नेटिव्ह घ्यावं की फ्लटर, डेस्कटॉपला इलेक्ट्रॉन चालेल का, सर्व्हर कशात लिहावा. मग दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडायच्या, एकीत टाइप केलेलं दुसरीत उमटलं की काम निम्मं झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते निम्म्याच्या आसपासही नसतं. फोनचा पडदा बंद आहे, ॲप मागे गेलंय, नेटवर्क वायफायवरून मोबाइल डेटावर सरकलंय, अशा वेळी आलेला संदेश माणसाला कळतो का, यावर चॅट क्लायंट तरतो किंवा बुडतो. हे जमवण्यासाठी जे करावं लागतं ते प्रोटोकॉल (क्लायंट आणि सर्व्हर यांनी बोलण्याचे नियम), सर्व्हर, एन्क्रिप्शन, इतकंच काय डेटाबेसची रचनाही ठरवून टाकतं. म्हणून इथे क्रम उलटा घेतलाय: नोटिफिकेशनच्या अटी आधी, बाकीची निवड नंतर.

पायरी १: कागदावर पाच उत्तरं लिहा

क्लायंट कुठे चालणार? फक्त डेस्कटॉपवर चालणार असेल तर तुम्ही सुटलात. ॲप चालू असेपर्यंत सर्व्हरशी जोडणी उघडी ठेवता येते आणि पुढची दुसरी पायरी जवळजवळ सगळी गाळता येते. यादीत फोन आला की गणित बदलतं.

सर्व्हर तुमच्या हातात आहे का? दुसऱ्याच्या सर्व्हरला जोडणारा क्लायंट करणार असाल तर त्या सर्व्हरला पुश (ॲप बंद असतानाही फोनपर्यंत पोचणारी हाक) पाठवता येतं का हे आधी तपासा. येत नसेल तर सतत जागा राहणारा एक मध्यस्थ सर्व्हर तुम्हालाच चालवावा लागेल. त्याचा खर्च तर आहेच, शिवाय लोकांचे लॉगिन तपशील सांभाळण्याची जबाबदारीही गळ्यात पडते.

संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वाचता येतील असे, असणार का? याचा नोटिफिकेशनशी काय संबंध, असं वाटेल. भरपूर आहे, सहाव्या पायरीत ते येईलच.

एक माणूस किती उपकरणांवरून वापरणार? आणि संदेश उशिरा पोचला तर काय बिघडतं? मित्रांच्या गप्पा तासाभराने वाचल्या तरी कुणाचं काही अडत नाही. सर्व्हर बंद पडल्याचा इशारा ज्या चॅनेलवर येतो, तिथे दहा मिनिटंही महाग पडतात.

पायरी २: झोपलेल्या फोनला कोण उठवतं ते समजून घ्या

सर्वसाधारण समज असा असतो: ॲप मागे चालू राहील, वेबसॉकेट (सर्व्हरशी सतत उघडी राहणारी दुतर्फी जोडणी) उघडा राहील, संदेश आला की आपणच नोटिफिकेशन दाखवू. आयफोनवर असं होत नाही. ॲप मागे गेलं की थोड्याच वेळात सिस्टिम त्याला गोठवते आणि जोडणी तुटते. अँड्रॉइडवर पूर्वी हे खपून जायचं. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ सोबत डोझ आलं आणि नुसत्या पडून असलेल्या फोनवर ॲपांचं नेटवर्क बंद राहू लागलं. बॅटरीच्या दृष्टीने हे रास्तच आहे. प्रत्येक ॲपने आपापली जोडणी जागी ठेवण्यापेक्षा सिस्टिमने एकच ठेवावी आणि सगळ्यांच्या हाका तिच्यावरून आणाव्यात.

ती जोडणी ॲपलच्या फोनवर एपीएनएस या नावाने २००९ पासून आहे. गूगलकडे तिचं नाव एफसीएम, जी २०१६ मध्ये जुन्या जीसीएमच्या जागी आली. ब्राउझरसाठी वेब पुश आहे. तिन्हींची रीत सारखीच. ॲप नोंदणी करतं, त्याला टोकन मिळतं (वेबवर टोकनच्या जागी एक पत्ता आणि किल्ल्या मिळतात), ते टोकन तुमचा सर्व्हर जपून ठेवतो आणि संदेश आला की ॲपल किंवा गूगलच्या सर्व्हरला ‘या टोकनवर हे पोचवा’ असं सांगतो. तुमचा सर्व्हर फोनशी थेट बोलत नाही, हे डोक्यात पक्कं बसू द्या.

इथून पुढचे तीन मुद्दे सगळ्या रचनेवर परिणाम करतात.

पहिला, जागा कमी आहे. एपीएनएस आणि एफसीएम या दोन्हींत नेहमीच्या पुशची मर्यादा ४०९६ बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, मात्राही वेगळी मोजली जाते. म्हणजे ‘कि’ हे ६ बाइट झाले. त्यात नाव, ग्रुपचा क्रमांक, बाकीची चौकट. लांब संदेश पूर्ण पाठवण्याचा विचार सोडून द्या.

दुसरा, पोचेलच याची हमी नाही. फोन रात्रभर बंद असेल तर सकाळी रात्रीच्या सगळ्या सूचना ओळीने येतील, असं धरून चालू नका. एफसीएम एका उपकरणासाठी न जोडता येणाऱ्या (म्हणजे नवी आली तरी जुनीची जागा न घेणाऱ्या) १०० पर्यंत सूचना साठवतं. त्यापलीकडे गेलं की साठवलेल्या सगळ्या टाकून देतं आणि ॲपला फक्त ‘काही गाळल्या’ एवढं कळवतं. त्यामुळे पुशला संदेशाचं वाहन मानायचं नाही, नुसती हाक मानायची. हाक आली की ॲपने सर्व्हरला विचारायचं: ‘माझ्याकडे ४१२ क्रमांकापर्यंत आहे, पुढचं दे.’ हाक चुकली तरी पुढच्या वेळी ॲप उघडताना हाच प्रश्न विचारला जातो आणि काही हरवत नाही. प्रत्येक संभाषणात सर्व्हरने चढता क्रमांक द्यायला हवा, तो यासाठीच.

तिसरा, उठवण्यालाही शिस्त आहे. एफसीएममध्ये ‘हाय’ प्राधान्याची सूचना डोझमधल्या फोनला उठवते. पण उठवून तुम्ही पडद्यावर काहीच दाखवत नाही, असं वारंवार दिसलं तर गूगल तुमच्या सूचनांचं प्राधान्य उतरवतं. आयफोनवर गुपचूप येणारी बॅकग्राउंड पुश सिस्टिमच्या मर्जीवर पोचते, तिच्या भरवशावर चॅट उभा करू नये. तिथला योग्य मार्ग म्हणजे नोटिफिकेशन सर्व्हिस एक्स्टेन्शन, २०१६ च्या आयओएस १० पासून असलेला. दिसणारी सूचना पडद्यावर येण्याआधी तुमच्या कोडला सुमारे ३० सेकंद मिळतात. तेवढ्यात खरा मजकूर आणायचा, उलगडायचा आणि सूचनेत भरायचा. वेळ संपली तर मूळ मजकूर जसाच्या तसा दिसतो. म्हणून मूळ मजकूर ‘नवा संदेश’ असा सभ्य ठेवा. ‘लोडिंग’ किंवा ‘टेस्ट १२३’ ठेवलंत तर कधीतरी कुणाला तरी तेच दिसणार.

टोकन कायमचं नसतं. ॲप पुन्हा टाकलं, फोन बदलला की ते बदलतं, म्हणून ॲप सुरू होताना दर वेळी सर्व्हरला ताजं टोकन कळवा. एपीएनएसकडून किंवा वेब पुशकडून ४१० (‘हे आता अस्तित्वात नाही’) असं उत्तर आलं की ते टोकन त्याच क्षणी पुसा. लॉगआउट झाल्यावरही पुसा. नाहीतर एकाचे संदेश, फोन दुसऱ्याच्या हातात गेल्यावरही, त्याच पडद्यावर झळकत राहतात. आणि नवख्यांना हमखास अडवणारी गोष्ट: ॲपलची चाचणीची आणि प्रत्यक्ष वापराची पुश यंत्रणा वेगळी आहे, एकीचं टोकन दुसरीत चालत नाही. डेव्हलपरच्या फोनवर येतं आणि स्टोअरमधून घेतलेल्यात येत नाही, अशी तक्रार आली तर पहिल्यांदा इथे बघा.

गूगलच्या सेवा नसलेल्या अँड्रॉइड फोनांसाठी युनिफाइडपुश हा खुला पर्याय आहे. वापरणारा स्वतःला हवा तो वितरक निवडतो, तुमचा सर्व्हर त्याला साधी एचटीटीपी विनंती पाठवतो. तो नको असेल तर फोरग्राउंड सर्व्हिस (सिस्टिमने न गोठवलेला, सतत चालू राहणारा ॲपचा भाग) ठेवून जोडणी धरून बसायचं, पण मग वरच्या पट्टीत एक कायमची सूचना चिकटून राहते आणि बॅटरीवरून तक्रारी येतात.

वेब ॲप करणाऱ्यांसाठी एक जास्तीची टीप. आयफोनवर वेब पुश २०२३ मधल्या आयओएस १६.४ पासून चालतं, तेही वापरणाऱ्याने ते ॲप होम स्क्रीनवर जोडलं असेल तरच. ‘वेबवर केलं म्हणजे सगळीकडे झालं’ हा हिशोब इथे कोलमडतो. बहुतेक लोक ते जोडत नाहीत असं धरूनच निर्णय घ्या.

पायरी ३: प्रोटोकॉल निवडा

आता ही निवड सोपी होते, कारण काय विचारायचं ते ठाऊक आहे: झोपलेल्या उपकरणाला हाक मारायची सोय यात आहे का, आणि राहिलेलं मागून घेता येतं का?

आयआरसी १९८८ मध्ये फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी लिहिला. शिकण्यासाठी याच्याइतकं छान दुसरं काही नाही. टीसीपी जोडणी उघडा, साध्या मजकुराच्या ओळी पाठवा, झालं. पण मूळ आयआरसीत तुम्ही जोडलेले नसताना जे बोललं गेलं ते तुमच्यापुरतं घडलंच नाही. ओळीची मर्यादा ५१२ बाइट, म्हणजे देवनागरीत १७० चिन्हंसुद्धा मावत नाहीत. फोनवर आयआरसी वापरणारे मध्ये बाउन्सर (सतत जोडलेला राहून संदेश साठवणारा मध्यस्थ) ठेवतात तो याचसाठी. सराव म्हणून एक आयआरसी क्लायंट जरूर लिहा. फोनवरच्या नेहमीच्या वापरासाठी तो पाया घेऊ नका.

एक्सएमपीपी १९९९ मध्ये जॅबर नावाने सुरू झाला. भाषा एक्सएमएल. गाभा लहान आणि बाकी सगळं एक्सईपी नावाच्या जोडपत्रांत, ती शेकड्यांनी आहेत. घाबरून जाऊ नका, चारांनी सुरुवात होते: तुटलेली जोडणी पुढे चालू करायला ०१९८, दुसऱ्या उपकरणावरही प्रत मिळायला ०२८०, जुने संदेश मागायला ०३१३ आणि पुशसाठी ०३५७. तुम्ही ज्या सर्व्हरला जोडणार तो ही चारही देतो का, ते पाहून घ्या. त्यातलं ०३५७ नसेल तर फोनचं स्वप्न तिथेच संपलं.

मॅट्रिक्स २०१४ चा. एचटीटीपीवर जेसन, त्यामुळे वेब जाणणाऱ्याला लगेच ओळखीचा वाटतो. कुठला संदेश वाजवायचा याचे नियम खात्यासोबत सर्व्हरवर राहतात आणि सर्व उपकरणांना सारखे लागू होतात. पुशसाठी वेगळं गेटवे (ॲपल-गूगलकडे हाक पोचवणारा मधला सर्व्हर) आहे आणि त्याला मजकूर न देता फक्त घटनेचा क्रमांक पाठवता येतो, ही माझ्या मते त्यातली सर्वांत शहाणपणाची सोय. एन्क्रिप्शन आणि सिंक स्वतः लिहायला जाऊ नका, तयार एसडीके (लिहून ठेवलेल्या कोडचा संच) घ्या.

आणि स्वतःचा प्रोटोकॉल? सर्व्हर तुमचा, क्लायंट तुमचा, बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही, असं असेल तर मी नवख्याला हाच सुचवेन. वेबसॉकेटवर पाचसहा प्रकारचे जेसन संदेश पुरतात. त्यात तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्यात: सर्व्हरने दिलेला चढता क्रमांक, पाठवणाऱ्या क्लायंटने बनवलेली अनन्य ओळख, आणि ‘इथपर्यंत वाचलं’ ही खूण. या नंतर घुसवायला गेलं की जुना डेटा आडवा येतो. वेगवेगळ्या संस्थांच्या सर्व्हरांनी एकमेकांशी बोलायला हवं असेल तर मात्र मॅट्रिक्स किंवा एक्सएमपीपीच. तिथे स्वतःचं काही शोधण्याची हौस परवडत नाही.

पायरी ४: ॲप समोर असतानाची जोडणी

वेबसॉकेट २०११ पासून प्रमाणित आहे आणि सगळ्या ब्राउझरांत चालतो. तो घ्या. संदेश फक्त सर्व्हरकडून यायचे असतील तर सर्व्हर-सेंट इव्हेंट्स आणखी साधे पडतात, आणि पाठवायला साधी एचटीटीपी विनंती पुरते.

त्रास होतो तो मेलेली जोडणी जिवंत दिसते तेव्हा. लॅपटॉप झाकला, नेटवर्क बदललं, मधल्या राउटरने शांत बसलेली जोडणी विसरून टाकली. तुमच्या कोडला यातलं काहीही कळत नाही, सॉकेट ‘उघडा’ म्हणतो आणि संदेश मात्र येत नाहीत. वेबसॉकेटमध्ये पिंग-पाँग आहे, पण ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला तो पिंग पाठवता येत नाही. म्हणून स्वतःचा छोटा पिंग संदेश ठेवा आणि ठरलेल्या वेळात उत्तर नाही आलं तर जोडणी स्वतः तोडून नवी उघडा. झाकलेल्या टॅबमधले टायमर क्रोम काही मिनिटांनी मिनिटाला एकदाच चालवतो, तेव्हा पिंगची वेळ त्याहून कमी धरून सर्व्हरने क्लायंटला मेलेलं समजू नये.

पुन्हा जोडताना थांबण्याचा काळ दर वेळी वाढवत न्या आणि त्यात थोडी यादृच्छिकता मिसळा. सर्व्हर पाच मिनिटं बंद पडून परत आला आणि सगळे क्लायंट त्याच सेकंदाला धडकले तर तो पुन्हा आडवा होतो.

पाठवताना क्लायंटने बनवलेली ओळख इथे उपयोगी येते. उत्तर येण्याआधी जोडणी तुटली, क्लायंटने तोच संदेश पुन्हा पाठवला, तर सर्व्हर ओळख पाहून म्हणतो ‘हा माझ्याकडे आहे’. नाहीतर समोरच्याला ‘येतो’ दोनदा दिसतं आणि फोनही दोनदा वाजतो.

पायरी ५: पडदा आणि साठवण

यावर वाद घालण्यात लोक सर्वाधिक वेळ घालवतात, म्हणून मी थोडक्यात आटपतो. जे तुम्हाला येतं ते घ्या, पण एक अट तपासून: त्यातून सिस्टिमच्या नोटिफिकेशनच्या सगळ्या सोयींपर्यंत हात पोचतो का. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्हमध्ये पडदे एकदाच लिहून होतात, पण आयफोनचं एक्स्टेन्शन साधारणपणे स्विफ्टमध्येच लिहावं लागतं, आणि अँड्रॉइडवर सूचनेतून उत्तर द्यायचं तर थोडं कोटलिन टळत नाही. हे काम अंदाजपत्रकात धरा. डेस्कटॉपवर इलेक्ट्रॉन पूर्ण क्रोमियम सोबत आणतो, म्हणून जड, पण सगळीकडे सारखा वागतो. टॉरी सिस्टिममधलं वेबव्ह्यू वापरतो, म्हणून हलका, पण प्रत्येक सिस्टिमवर तपासत बसावं लागतं. क्यूटी येत असेल तर उत्तमच.

साठवणीला एसक्यूलाइट. शोधासाठी त्यातलंच एफटीएस५. दुसरं काही हवं असेल तर त्याला सबळ कारण असू द्या.

पायरी ६: काय वाजवायचं आणि काय नाही

इथे सावकाश चला. चुकीची निवड झाली तर लोक तक्रार करत नाहीत. ते गुपचूप सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या सूचना बंद करतात, आणि मग महत्त्वाचंही पोचत नाही.

सुरुवातीला मी अशी वर्गवारी ठेवतो. थेट आलेला संदेश, नाव घेऊन केलेला उल्लेख आणि माझ्या संदेशाला दिलेलं उत्तर: आवाज आणि सूचना. ग्रुपमधलं बाकी सगळं: फक्त न वाचलेल्याची खूण, आवाज नाही. प्रतिक्रियेचे इमोजी, कुणी आलं-गेलं, ग्रुपचं चित्र बदललं: काहीच नाही. संपादित संदेश: आधीची सूचना पडद्यावर असेल तर तीच गुपचूप बदला, नव्याने वाजवू नका. पुसलेला संदेश: सूचना मागे घ्या. स्वतःच्याच दुसऱ्या उपकरणावरून पाठवलेलं कधीच वाजू नये. हे शेवटचं सांगायची गरज नाही असं वाटतं, पण पहिल्या आवृत्तीत ते हटकून वाजतं.

‘सर्वांना’ उल्लेख ही सोय तर सांभाळूनच द्या. पाच जणांच्या ग्रुपात ती कामाची, पाचशेंच्या ग्रुपात उपद्रव. मोठ्या ग्रुपात ती फक्त चालकांकडे ठेवा आणि पाठवण्याआधी ‘इतक्या जणांना सूचना जाईल’ असं विचारा.

उल्लेख ओळखणं मराठीत वाटतं त्याहून अवघड आहे. समजा वापरणाऱ्याचं नाव समीर. ‘समीर, बघ’ यात नाव मोकळं आहे. पण लोक लिहितात ‘समीरला विचार’, ‘समीरने सांगितलं’, ‘समीरकडे आहे’. पूर्ण शब्द जुळवायला गेलात तर यातलं एकही सापडणार नाही. नुसती सुरुवात जुळवली तर ‘समीरण’ या नावालाही फोन वाजेल. त्यात शब्दाची सीमा दाखवणारी रेगेक्सची (मजकुरात नमुना शोधण्याच्या भाषेची) नेहमीची खूण जावास्क्रिप्टमध्ये देवनागरीला अक्षरच मानत नाही, आणि पायथॉनमध्ये मात्रेपाशीच शब्द तुटतो. कच्चा मजकूर चाळत बसण्यापेक्षा ‘@’ टाइप केल्यावर नावांची यादी दाखवा, निवडलेल्या माणसाचा खातेक्रमांक संदेशासोबत वेगळ्या रकान्यात पाठवा, आणि पुढे ‘ला’ लागो की ‘कडे’, त्याच्याकडे बघूच नका. मॅट्रिक्सनेही २०२३ मध्ये उल्लेखासाठी असा वेगळा रकाना आणला. मजकुरातून शोधायचे राहतात ते फक्त वापरणाऱ्याने स्वतः दिलेले खास शब्द. तिथे दोन्ही बाजू आधी युनिकोडच्या एनएफसी रूपात (एकच अक्षर नेहमी एकाच पद्धतीने लिहिणाऱ्या) आणा आणि सुरुवात जुळली तर पुरे माना.

मग प्रश्न येतो की हा निर्णय घ्यायचा कुणी, सर्व्हरने की क्लायंटने? सर्व्हरला मजकूर दिसत असेल तर सर्व्हरने. नको असलेली हाक मुळात निघतच नाही, बॅटरी वाचते, सगळ्या उपकरणांना नियम सारखे. पण एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असेल तर सर्व्हरला मजकूर दिसत नाही. ‘हा ग्रुप म्यूट’ हे तो पाळू शकतो, ‘माझा खास शब्द आला तरच वाजव’ हे नाही. तो फोनला प्रत्येक संदेशासाठी उठवणार आणि वाजवायचं की गिळायचं ते फोन ठरवणार. अँड्रॉइडवर हे जमतं, वर सांगितलेला प्राधान्याचा दंड सोसून. आयफोनवर एक्स्टेन्शन सूचनेचा मजकूर बदलू शकतं, पण ती पूर्ण गिळायची तर ॲपलकडून खास परवानगी मागून घ्यावी लागते. म्हणजे ‘एन्क्रिप्शनही हवं आणि खास शब्दांच्या सूचनाही’ असं ठरवलंत तर तुम्ही एका परवानगीच्या अर्जावर अवलंबून आहात. हे आधीच माहीत असलेलं बरं.

अँड्रॉइडवर २०१७ पासून प्रत्येक सूचना कुठल्यातरी चॅनेलमध्ये टाकावी लागते, आणि चॅनेल एकदा तयार झालं की त्याचं महत्त्व वाढवायचा हक्क ॲपकडे राहत नाही, तो वापरणाऱ्याचा. थेट संदेश, उल्लेख, ग्रुप, आणि कॉल अशी वेगळी चॅनेलं पहिल्याच आवृत्तीत करा. सगळं एकाच चॅनेलमध्ये कोंबलंत तर ग्रुपला कंटाळलेला माणूस कॉलही बंद करून बसेल. आयफोनवर २०२१ पासून सूचनेच्या निकडीचे चार स्तर आहेत. गप्पांना नेहमीचाच स्तर द्या. ‘टाइम सेन्सिटिव्ह’ हा फोकस मोड ओलांडून येतो, तो खरोखर वेळेच्या कामाला. सर्वांत वरचा ‘क्रिटिकल’ तर म्यूटही जुमानत नाही आणि त्याला ॲपलची वेगळी मंजुरी लागते.

पायरी ७: एक संदेश, तीन उपकरणं

मीराकडे लॅपटॉप, फोन आणि टॅबलेट आहेत. समीर लिहितो, ‘पाचची बैठक सहाला.’ सर्व्हरने संदेश साठवला, ४१३ क्रमांक दिला. लॅपटॉपची जोडणी जिवंत आहे, तिथे संदेश लगेच गेला. फोन आणि टॅबलेटचं काय?

लॅपटॉप जोडलेला आहे म्हणून पुश थांबवणं चुकीचं. मीरा दुसऱ्या खोलीत असेल. लगेच तिन्ही वाजवणंही चुकीचं, ती लॅपटॉपवर हेच संभाषण वाचत असेल. म्हणून क्लायंटने सर्व्हरला फक्त ‘जोडलेला’ एवढं न सांगता ‘खिडकी समोर आहे आणि गेल्या मिनिटाभरात हालचाल आहे’ हेही कळवावं. हालचाल असेल तर सर्व्हर काही सेकंद थांबतो. तेवढ्यात ‘४१३ पर्यंत वाचलं’ आलं तर पुश रद्द. नाही आलं तर फोनला आणि टॅबलेटला हाक. किती थांबायचं हे प्रयोगाने ठरवा. जास्त थांबलात तर ‘फोनवर उशिरा येतं’ अशी ओरड होते. कॉलला तर थांबूच नका.

आता मीराने लॅपटॉपवर उशिरा वाचलं. फोनवरची सूचना आपोआप निघायला हवी. अँड्रॉइडवर सर्व्हर एक डेटा संदेश पाठवतो, ॲप ती सूचना काढतं. आयफोनवर हे खात्रीने होत नाही. बॅजचा (ॲपच्या चिन्हावरचा) आकडा मात्र साध्या पुशने बदलता येतो आणि पडून राहिलेली सूचना पुढच्या सूचनेच्या वेळी एक्स्टेन्शनकडून काढून घेता येते. बॅजचा आकडा सर्व्हरने मोजून पाठवावा. प्रत्येक उपकरणाने आपापला मोजला की तीन पडद्यांवर तीन आकडे दिसतात, आणि ‘सगळं वाचलं तरी १ दिसतोय’ ही तक्रार तिथूनच उगवते.

समीरने पाठोपाठ सहा ओळी पाठवल्या तर सहा सूचना नकोत. एपीएनएसचा कोलॅप्स आयडी, एफसीएमच्या सूचनेतला टॅग, वेबवरचा टॅग आणि लिनक्स डेस्कटॉपवरचा जुन्या सूचनेचा क्रमांक, हे सगळे ‘जुनी बदल, नवी टाकू नको’ असंच सांगतात. अँड्रॉइडवर मेसेजिंग स्टाइल वापरली की एकाच सूचनेत संभाषण वाढत जातं आणि तिथूनच उत्तरही देता येतं. आवाज पहिल्या ओळीलाच.

पायरी ८: परवानगी, मजकूर आणि कुलूप

आयफोनवर परवानगीचा प्रश्न ॲपला एकदाच विचारता येतो. अँड्रॉइडवर २०२२ च्या १३ व्या आवृत्तीपासून तो विचारावा लागतो आणि दोनदा नकार मिळाला की पुन्हा विचारता येत नाही. ॲप उघडल्या क्षणी विचारू नका. पहिला संदेश पाठवून झाला की विचारा, तेव्हा माणसाला उत्तर यायची वाट असते. नकार दिला असेल तर सेटिंगमध्ये साध्या शब्दांत सांगा की सूचना कुठून चालू होतात, आणि तिथेच थांबा.

कुलूपबंद पडद्यावर काय दिसावं याचे तीन पर्याय द्या: नाव आणि मजकूर, फक्त नाव, नुसतं ‘नवा संदेश’. मजकूर छाटायचा असेल तर बाइट किंवा चिन्हं मोजून छाटू नका. ‘क्षमस्व’ मधला जोडाक्षराचा अर्धा भाग लटकत राहतो. अक्षरसमूहांनी मोजणाऱ्या सोयी बहुतेक भाषांत आहेत, ब्राउझरमध्ये इंटल सेगमेंटर आहे.

लिनक्सवर सूचनेच्या मजकुरात थोडं एचटीएमएलसारखं मार्कअप चालतं. म्हणून संदेशातली ‘<’ आणि ‘&’ ही चिन्हं निर्धोक करूनच पाठवा. आलेला संदेश दुसऱ्या माणसाने लिहिलेला आहे, तो जसाच्या तसा सिस्टिमच्या हाती देऊ नये.

आवाज स्वतः वाजवू नका, सूचनेसोबत सिस्टिमला वाजवू द्या. मग डू नॉट डिस्टर्ब, फोकस, हेडफोन या सगळ्यांचा मान आपोआप राखला जातो.

पायरी ९: तपासणी

सिम्युलेटरवर विसंबू नका, खरा फोन घ्या. पडदा बंद करून तासभर टेबलावर ठेवा आणि मग संदेश पाठवा. विमान मोड लावून दीडशे संदेश पाठवा, मग मोड काढा: सूचना कितीही गळाल्या तरी ॲप उघडल्यावर दीडशेच्या दीडशे दिसले पाहिजेत. वायफायवरून मोबाइल डेटावर जाता जाता पाठवा. लॉगआउट करून दुसऱ्या खात्याने आत या आणि पहिल्याचं काही झळकतं का पाहा. अँड्रॉइडवर ॲप ‘फोर्स स्टॉप’ केलं की ते पुन्हा उघडेपर्यंत एफसीएमची हाक पोचत नाही. तो तुमच्या कोडमधला दोष नव्हे, त्यावर रात्र घालवू नका. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी ॲप स्वतःहून मारतात, तेव्हा कमीत कमी दोन वेगळ्या कंपन्यांचे फोन हाताशी असू द्या.

सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक संदेशाची ओळख, पुश केव्हा निघाली, गेटवेने काय उत्तर दिलं आणि क्लायंटने तो संदेश केव्हा मागून नेला, एवढं लिहा. मजकूर लिहू नका. ‘काल मला सूचना आली नाही’ असं कुणी म्हटलं की या चार नोंदींवरून हाक निघालीच नव्हती, गेटवेपाशी अडली की फोनने गिळली, ते दोन मिनिटांत कळतं.